भंगारवाल्याच्या वहीपासून अॅपपर्यंत : उरलेल्या मालाचा दोनशे वर्षांचा हिशेब

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांचं वर्कशॉप आहे, लूम आहेत, छापखाना आहे किंवा साधं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यांनी वेळ काढून शेवटपर्यंत वाचावी.

आपल्या एमआयडीसीत सध्या एक विषय बराच चघळला जातोय. प्रत्येक गाळ्यात काही ना काही माल पडून असतो. ऑर्डर रद्द झाली म्हणून उरलेला पत्रा, जास्तीचे मागवलेले बेअरिंग, रंगाचे न उघडलेले डबे, मॉडेल बदललं म्हणून निरुपयोगी झालेली खोकी. मालकाचा पैसा त्यात अडकतो, जागा अडते आणि दोन-तीन वर्षांनी तो माल किलोच्या भावानं भंगारात जातो. त्याच वेळी चार गाळे सोडून पलीकडचा माणूस तीच वस्तू पुण्याहून नवीन मागवतो. म्हणून काही तरुण उद्योजकांचं म्हणणं असं की एक अॅप काढू. ज्याच्याकडे जे उरलंय ते त्यानं टाकावं, ज्याला हवंय त्यानं उचलावं.

कल्पना चांगली आहे. मला तिच्या विरोधात काही म्हणायचं नाही. फक्त पैसे घालण्याआधी एवढं लक्षात घ्यावं की हा प्रयोग नवा नाही. एकाचा उरलेला माल दुसऱ्याचा कच्चा माल करायची खटपट जगात दोनशे वर्षं चालू आहे. त्यात कुठं जमलं, कुठं फसलं आणि कुणाच्या पोटावर पाय आला, याची नोंद इतिहासात आहे. ती वाचली तर आपले पैसे वाचतील.

चिंध्यांचं गाव

सुरुवात इंग्लंडमधल्या यॉर्कशायरपासून करू. नेपोलियनच्या लढायांमुळे तिथं लोकरीची टंचाई होती. १८१३ मध्ये बॅटली गावच्या बेंजामिन लॉ नावाच्या कापडवाल्यानं जुन्या लोकरी चिंध्या यंत्रात पिंजून त्यांचे तंतू सुटे केले, त्यात थोडी नवी लोकर मिसळली आणि पुन्हा सूत कातलं. या कापडाला नाव पडलं ‘शॉडी’. तोवर चिंधीला जवळजवळ किंमत नव्हती. आता दारोदार फिरून चिंध्या गोळा करणारे, त्यांची रंगानुसार निवड करणाऱ्या बाया, त्या पिंजणारे कारखाने, असा सगळा धंदाच उभा राहिला. बॅटली आणि शेजारचं ड्यूजबरी ही गावं त्यावर मोठी झाली. परदेशातून चिंध्यांच्या गाठी तिथं येऊ लागल्या.

यंत्र आल्यावर कचऱ्याला भाव आला, इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पुढं अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. सैन्याला गणवेश घाईनं हवे होते. ठेकेदारांनी हलक्या शॉडीचे गणवेश नव्या कापडाच्या भावात पुरवले आणि ते सैनिकांच्या अंगावरच फाटायला लागले. तेव्हापासून इंग्रजीत ‘शॉडी’ हा शब्द हलक्या, फसव्या कामासाठी शिवीसारखा वापरला जातो. चांगला शॉडी बनवणारेही त्या नावाखाली भरडले गेले. जुना माल विकताना तो जुना आहे हे सांगितलं नाही, तर एका लबाडाची किंमत सगळ्या धंद्याला मोजावी लागते. आपल्या अॅपवर पहिल्या महिन्यात दोघांनी गंजलेला माल ‘न वापरलेला’ म्हणून खपवला, तर तिसऱ्या महिन्यात तिथं कुणी फिरकणार नाही.

हाच धंदा पुढं हरियाणातल्या पानिपतात आला. मराठी माणसाला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं. पण आजचं पानिपत जगभरातले टाकलेले कपडे पिंजून सूत आणि घोंगड्या बनवणारं शहर आहे. आपत्तीच्या वेळी मदत म्हणून वाटल्या जाणाऱ्या स्वस्त घोंगड्या वर्षानुवर्षं तिथून गेल्या. पिंजायला यंत्र आहे, तरी कपड्याची बटणं, चेन, लेबल काढायची आणि रंगानुसार ढीग लावायचे हे काम तिथं आजही बहुतेक बायांच्या हातांनी होतं. आपल्याकडची बोहारीण हेच काम गल्लीच्या पातळीवर करत होती. कोणत्या घरात कोणती साडी निघाली, ती अजून किती टिकेल आणि तिच्या बदल्यात पातेलं द्यायचं की नुसतं गाळणं, याचा हिशेब तिच्या डोक्यात पक्का असायचा.

डांबरातून निळा रंग

दुसरी गोष्ट लंडनची. एकोणिसाव्या शतकात शहरं गॅसच्या दिव्यांनी उजळली. तो गॅस कोळशापासून काढत आणि मागं उरायचं काळं, घाण वासाचं कोलटार. थोडं लाकडाला फासायला जायचं, उरलेलं कुठं टाकायचं हा प्रश्न असायचा. १८५६ मध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन मलेरियावरचं क्विनीन प्रयोगशाळेत बनवायची धडपड करत होता. क्विनीन काही झालं नाही, पण कोलटारपासून मिळणाऱ्या अॅनिलीनमधून त्याला जांभळा रंग मिळाला. तिथून कृत्रिम रंगांचा उद्योग सुरू झाला आणि गॅस कंपन्यांचा कचरा रसायन कारखान्यांचा कच्चा माल झाला.

या गोष्टीचा शेवट मात्र भारतात आहे. १८९७ मध्ये जर्मनीच्या ‘बीएएसएफ’ कंपनीनं कृत्रिम नीळ बाजारात आणली. तिचाही कच्चा माल कोलटारातूनच यायचा. बंगाल-बिहारच्या नैसर्गिक निळीचा भाव कोसळला. मग चंपारणच्या निळवाल्या गोऱ्या साहेबांनी स्वतःचा तोटा कुळांवर ढकलला. वीस कठ्ठ्यांतल्या तीन कठ्ठ्यांवर नीळ लावायची सक्ती होतीच. आता त्या सक्तीतून सोडवायचे म्हणून खंड वाढवला, दंडासारख्या रकमा वसूल केल्या. १९१७ मध्ये गांधीजी तिथं गेले, त्यामागं ही सगळी पार्श्वभूमी होती.

युरोपातल्या कचऱ्याचा वापर सुरू झाला आणि त्याची झळ बिहारच्या कुळाला बसली. ‘कचरा कमी झाला म्हणजे सगळ्यांचं भलं’ असं जेव्हा कुणी म्हणतो, तेव्हा मला चंपारण आठवतं. नवी व्यवस्था आली की जुन्या व्यवस्थेवर पोट असलेला कुणीतरी बाजूला पडतो. तो कोण, हे आधी विचारायला हवं. आपल्या गावात त्याचं उत्तर आहे भंगारवाला. त्याच्याकडे नंतर येतो.

मळीची गोष्ट

आता आपल्या घरची गोष्ट. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. तेव्हा देशात आधुनिक साखर कारखाने तीसच्या आसपास होते, चार-पाच वर्षांत ते सव्वाशेच्या पुढे गेले. साखरेबरोबर मळीही, म्हणजे मोलॅसिसही, वाढली. तिचं करायचं काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. टाक्या भरल्या की ती खड्ड्यांत, ओढ्यांत सोडली जायची. बिहार आणि संयुक्त प्रांताच्या सरकारांनी १९३८ मध्ये मळी आणि ‘पॉवर अल्कोहोल’ या विषयावर संयुक्त समितीच नेमली. पॉवर अल्कोहोल म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचा अल्कोहोल. आज ज्याला आपण इथेनॉल म्हणतो तोच.

म्हणजे पेट्रोलमध्ये मळीचा अल्कोहोल मिसळायची कल्पना आणि तंत्र दोन्ही तेव्हापासून आपल्याकडे होतं. १९४८ मध्ये त्यासाठी देशपातळीवर ‘इंडियन पॉवर अल्कोहोल अॅक्ट’ही झाला. तरी पुढची पन्नास वर्षं हे प्रकरण रखडलं. पेट्रोल स्वस्त होतं, दारू आणि रसायनं बनवणाऱ्यांना अल्कोहोल हवा होता. त्यात १९६१ च्या मोलॅसिस कंट्रोल ऑर्डरनं मळीचा भाव सरकारनं बांधून ठेवला आणि तो इतका कमी होता की कारखान्याला मळी नीट साठवण्यातही रस उरला नाही. १९९३ मध्ये केंद्रानं हे नियंत्रण काढलं. २००३ मध्ये निवडक राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झालं. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर बी-हेवी मळी आणि थेट उसाच्या रसापासूनही इथेनॉल घेता येऊ लागलं, त्याला वेगळे दर मिळाले. २०२५ मध्ये देशानं वीस टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला.

१९३८ ते २०२५. यंत्र जवळपास तेच. वेळ गेला तो भाव, कायदा आणि हमखास गिऱ्हाईक ठरायला. आणि ज्या हातानं सरकारनं दिलं त्याच हातानं ते थांबवताही येतं. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीनं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला सरकारनं एका आदेशानं लगाम घातला, तेव्हा कर्ज काढून डिस्टिलरी वाढवलेल्या कारखान्यांची काय धावपळ झाली, हे आपल्या भागानं पाहिलं आहे.

मळीनं आणखी एक गोष्ट शिकवली. अल्कोहोल काढल्यावर मागं स्पेंटवॉश उरतो. एक लिटर अल्कोहोलमागं साधारण आठ ते पंधरा लिटर. लाल-काळं, वास मारणारं पाणी. ते ओढ्या-नाल्यांत सोडल्यानं विहिरी नासल्याच्या तक्रारी साखर पट्ट्यात प्रत्येक तालुक्यानं केल्या आहेत. एक कचरा वापरताना दुसरा, मोठा कचरा तयार झाला. आता कारखान्यांना तो कंपोस्टमध्ये जिरवावा लागतो किंवा आटवून बॉयलरमध्ये जाळावा लागतो. म्हणजे ‘पुनर्वापर’ शब्द ऐकला की पुढचा प्रश्न असावा, यातून शेवटी काय उरतं आणि ते कुणाच्या विहिरीजवळ जातं?

तालुक्याएवढं गाव, जगभर नाव

आता डेन्मार्कला जाऊ, कारण आपल्या अॅपवाल्या मित्रांच्या बोलण्यात कालुंडबोर्ग हे नाव नेहमी येतं. समुद्रकाठचं हे गाव, लोकवस्ती पंधरा-सोळा हजारांची. आपल्याकडे एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी. तिथं एक तेलशुद्धीकरण कारखाना, पूर्वी कोळशावर चालणारं वीज केंद्र, औषध कारखाना आणि जिप्समचे बोर्ड बनवणारा कारखाना आहे.

भूजल वाचवायला म्हणून १९६१ मध्ये तिस्सो तलावाचं पाणी तेल कारखान्याला द्यायला सुरुवात झाली. १९७२ मध्ये तेल कारखान्यात जळून वाया जाणारा वायू नळीनं बोर्ड कारखान्याला मिळाला. १९७६ पासून औषध कारखान्याचा गाळ शेतात खत म्हणून जाऊ लागला. वीज केंद्राची राख सिमेंटवाल्यांकडे गेली. १९८१ पासून वीज केंद्राच्या उरलेल्या उष्णतेवर गावातली घरं गरम होऊ लागली. १९९३ पासून धुरातला गंधक काढताना तयार होणारं जिप्सम बोर्ड कारखान्याला मिळू लागलं.

यात कुणी मोठी योजना आखली नव्हती. प्रत्येक व्यवहार दोन कंपन्यांमध्ये, स्वतंत्र करारानं, दोघांचा फायदा बघून झाला. गाव लहान, अधिकारी एकमेकांना ओळखणारे. या सगळ्या जाळ्याला ‘सिम्बायोसिस’, म्हणजे सहजीवन, हे नाव १९८९ मध्ये पडलं. तोवर लोक अठ्ठावीस वर्षं ते करत होते. त्यासाठी संगणकही लागला नव्हता. पुढं वीज केंद्रानं कोळसा सोडून लाकडाच्या चिपा जाळायला घेतल्या, तेव्हा राख आणि जिप्समचं जुनं गणित बदललं. दुसऱ्याच्या कचऱ्यावर धंदा उभा केला की त्याची पद्धत सुधारली तरी आपला कच्चा माल जातो, हा धोका तिथंही आहे.

याच विषयावर आपल्या शेजारी कर्नाटकात, म्हैसूरजवळच्या नंजनगुड औद्योगिक वसाहतीत अमेरिकेच्या येल विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी अभ्यास केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. बेचाळीस कंपन्यांतून वर्षाला जवळपास नऊ लाख टन टाकाऊ पदार्थ निघत होते आणि त्यातले ९९ टक्क्यांहून जास्त कुठं ना कुठं वापरले जात होते. त्यातला बहुतेक भाग त्याच कारखान्यात, जसं साखर कारखान्याचा बगॅस त्याच्याच बॉयलरला. बाकीचा शेजारचे कारखाने, शेतकरी आणि भंगाराचे व्यापारी उचलत होते.

म्हणजे आपल्याकडे काहीच नाही आणि अॅप आल्यावर सगळं सुरू होईल, हा समज सोडून द्यायला हवा. ज्याला वजनावर भाव आहे तो माल आजही कुणी फेकत नाही.

नुसती यादी चालत नाही

१९७० च्या दशकात तेल महागलं आणि युरोप-अमेरिकेत ‘वेस्ट एक्स्चेंज’ निघाल्या. पद्धत सोपी होती. कारखान्यांनी आपल्याकडे काय उरलंय ते कळवायचं, संस्थेनं त्याची छापील यादी काढून सगळ्यांना टपालानं पाठवायची. म्हणजे आजच्या अॅपचाच कागदी अवतार. बऱ्याच एक्स्चेंज काही वर्षांत थंडावल्या. यादी पोचेपर्यंत माल गेलेला असायचा. मालाचं वर्णन अर्धवट. स्पर्धकाला आपला कच्चा माल कळू नये म्हणून कंपन्या हात राखून लिहायच्या. आणि फोन करून दोघांना एकत्र बसवायला कुणीच नव्हतं.

ब्रिटननं २००५ मध्ये देशभर राबवलेला ‘नॅशनल इंडस्ट्रियल सिम्बायोसिस प्रोग्रॅम’ जास्त चालला. त्यात माहितीचा साठा संगणकावर होताच, पण प्रत्येक भागात उद्योगाची जाण असलेली पगारी माणसं नेमली होती. ती कारखान्यांत जायची, मालकांना एका टेबलाशी बसवून ‘तुमच्याकडे काय आहे, तुम्हाला काय हवंय’ विचारायची आणि जुळलं की व्यवहार पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा करायची. दुसरं म्हणजे तिथं १९९६ पासून कचरा डेपोत टाकण्यावर कर होता. सुरुवातीला टनाला सात पौंड, तो वाढत २०१४ पर्यंत ऐंशी पौंडांवर गेला. टाकणं महाग झालं, म्हणून देऊन टाकणं परवडायला लागलं. आपल्याकडे रात्री ट्रॉली भरून नाल्याकाठी ओतणं आजही फुकट आहे, हे इथं लक्षात घ्या.

स्क्रीननं काय बदललं

भारतात सरकारी भंगाराचा व्यवहार बघणारी ‘एमएसटीसी’ ही कंपनी १९६४ मध्ये कोलकात्यात सुरू झाली. पूर्वी रेल्वेचं, सरकारी कंपन्यांचं भंगार जागेवर बोली लावून विकलं जायचं. ठरावीक मंडळी यायची, आपसांत आधीच ठरवून बोली थांबवायची. एमएसटीसीनं ऑनलाइन लिलाव सुरू केल्यावर लांबचा खरेदीदारही बोली लावू शकला, कोण किती बोललं याची नोंद राहू लागली. संगणकाचा हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे.

औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचं उदाहरणही बघा. चंद्रपूर, कोराडी, एकलहरे, भुसावळ, परळी इथल्या लोकांना राख म्हणजे काय ते सांगायला नको. १९९९ मध्ये केंद्रानं अधिसूचना काढली की केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांनी राख वापरलीच पाहिजे. पुढं हे अंतर शंभर आणि मग २०१६ मध्ये तीनशे किलोमीटर झालं, वाहतुकीचा खर्चही वीज केंद्रांवर टाकला गेला. २०१८ मध्ये ‘अॅश ट्रॅक’ नावाचं अॅप आलं. कुठल्या केंद्रात किती राख आहे ते घरबसल्या दिसू लागलं. पण राख स्वस्त आणि जड. ती मोबाईलवर दिसली तरी ट्रकचं भाडं कमी होत नाही. अंतर आणि भाड्याचा नियम आधी झाला, अॅप नंतर आलं. क्रम हाच बरोबर होता.

मग आपण काय करायचं?

आता आपल्या पट्ट्यात या. पुण्या-चाकणच्या प्रेस शॉपमधलं पत्र्याचं भंगार कोल्हापूरच्या फाउंड्रीत वितळतं, त्याची कास्टिंग पुन्हा वाहन कारखान्यांना जातात. मशीन शॉपची बोरिंग आणि टर्निंग रोज उचलली जाते. इचलकरंजीच्या सुताच्या वेस्टला, चिंधीला गिऱ्हाईक आहे. हे सगळं भंगारवाल्यांच्या फोनवर आणि वहीवर चालतं. फाउंड्रीची वापरलेली वाळू हा मोठा प्रश्न होता आणि आहे, कारण ती एकट्यादुकट्या फाउंड्रीला परत वापरायोग्य करणं परवडत नाही. त्यासाठी कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना क्लस्टर करून सामायिक प्रकल्पच उभारावा लागला.

मग अॅपला काम कुठं उरतं? माझ्या मते एकाच ठिकाणी, पण ते महत्त्वाचं आहे. भंगारवाला वजनात व्यवहार करतो. त्याच्या काट्यावर न वापरलेलं बेअरिंग आणि झिजलेलं बेअरिंग सारखंच. न उघडलेली स्टीलची पट्टी आणि कापलेले तुकडे सारखेच. वस्तू म्हणून जिची किंमत आहे ती धातू म्हणून विकली जाते, तिथं लहान कारखानदाराचा खरा तोटा होतो. चार-सहा कामगारांचा गाळा चालवणाऱ्याचे लाख-दोन लाख रुपये असे रॅकवर पडून असले, तर त्याच पैशासाठी तो दुसरीकडे व्याज भरत असतो. हा माल शोधून, नीट वर्णन करून, वेळेत दुसऱ्याला दाखवायचं काम मोबाईल चांगलं करू शकतो.

त्यासाठी इतिहास जे सांगतो ते असं.

आधी अॅप नको, आधी यादी. असोसिएशननं तीस-चाळीस कारखान्यांचा पडून असलेला माल एका साध्या शीटमध्ये लिहून घ्यावा. वस्तू, माप, ग्रेड, कंपनी, किती नग, कधी घेतलं, बिल आहे का, फोटो. ‘पत्रा आहे’ असं लिहून उपयोग नाही. किती एमएमचा, कोणत्या ग्रेडचा, गंज आहे की नाही, हे लिहिलं तरच समोरचा फोन करेल. सहा महिन्यांत या शीटवर दहा व्यवहार झाले, तर मग अॅपवर खर्च करा.

एक माणूस पगारावर ठेवा. वर्कशॉपमध्ये उमेदवारी केलेला, मायक्रोमीटर हातात धरता येणारा. त्यानं गाळ्यात जाऊन माल बघायचा, खरं वर्णन टाकायचं, दोघांची गाठ घालून द्यायची. १९७० च्या याद्या आणि २००५ चा कार्यक्रम यांत सगळ्यात मोठा फरक या माणसाचा होता.

घातक माल या यादीत नको. तेलकट गाळ, केमिकलचे रिकामे ड्रम, प्लेटिंगचं पाणी यांना २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम लागू आहेत. दुसऱ्या कारखान्यात कच्चा माल म्हणून वापरायचे तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. केमिकलचे ड्रम धुऊन पिण्याच्या पाण्याला विकले जातात, हे आपण आठवडी बाजारात पाहतो. तसलं काही आपल्या यादीच्या नावावर होता कामा नये.

आणि भंगारवाल्याला बाहेर ठेवू नका. कुणाकडे काय निघतं याची त्याच्याएवढी माहिती कुणाकडेच नाही. त्यातले बरेच जण पिढ्यान्‌पिढ्या या धंद्यात आहेत. शाळा कमी शिकलेले आणि कागदपत्रात कच्चे असले तरी मालाची पारख पक्की. धातूच्या भंगारावर अठरा टक्के जीएसटी आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून असं भंगार घेतलं, तर कर भरायची जबाबदारी नोंदणीकृत खरेदीदारावर आली. त्यामुळे कागदपत्रं नसलेल्या लहान भंगारवाल्याला मोठे लोक आधीच टाळू लागले आहेत. त्यात आपण अॅप काढून चांगला माल परस्पर उचलला, तर त्याच्या वाट्याला फक्त गाळ उरेल. त्यापेक्षा त्याच्याकडे येणारा वापरण्याजोगा माल त्यानंच यादीवर टाकावा आणि त्याला ठरलेलं कमिशन मिळावं. त्याची नोंदणी करून द्यायला असोसिएशनच्या सीएनं दोन दिवस दिले तरी पुरेत.

शेवटचा मुद्दा, जो बैठकीत कुणी काढत नाही. ही माहिती कुणाची राहणार? कुणाकडे किती माल पडून आहे, हे कळलं की त्याची आर्थिक परिस्थिती कळते. बाहेरच्या कंपनीचं तयार अॅप घेतलं, तर आपल्या सगळ्या गाळ्यांची नाडी तिच्या हातात जाईल. आज फुकट, उद्या प्रत्येक व्यवहारावर टक्केवारी. ऊसवाल्या, दूधवाल्या या भागाला सहकार शिकवायला नको. यादी असोसिएशनच्या मालकीची असावी, ती कोण बघू शकतं याचा ठराव व्हावा आणि तो ठराव अॅपचं कोटेशन मागवण्याआधी व्हावा.

पुढच्या बैठकीला जे जाणार आहेत त्यांनी एवढं करावं. जायच्या आधी आपल्या गाळ्यातल्या मागच्या रॅकवरचा एक वर्षाहून जुना माल लिहून काढावा आणि तो कागद खिशात घालून जावं. वीस जणांनी वीस कागद टेबलावर ठेवले की अॅप हवं की नको, हे अर्ध्या तासात कळेल.